घरच्या माणसासाठी जुनी गाडी

मराठी मध्यमवर्गीय घरात जुनी मोटार घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘कोणती गाडी घ्यावी’ असा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर द्यायला शेजारी, मेहुणे आणि कार्यालयातील सहकारी असे सगळेच तत्पर असतात. परंतु नव्या गाडीच्या बाबतीत रास्त असलेला हा प्रश्न जुन्या गाडीला फारसा लागू पडत नाही, कारण एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्या आठ वर्षांनी एकमेकींशी केवळ नावापुरत्या सारख्या उरतात. एक गाडी वेळच्या वेळी तेल बदलणाऱ्या निवृत्त शिक्षकाच्या दारात उभी असते, तर दुसरी तीन मालकांच्या हातांतून फिरून, एकदा ठोकली जाऊन आणि एकदा पुराच्या पाण्यात रात्र काढून बाजारात आलेली असते, आणि जाहिरातीतील छायाचित्रात मात्र दोघी सारख्याच चकचकीत दिसतात. त्यामुळे जुन्या गाडीचा भरवसा ठरवताना कंपनीचा नावलौकिक पाहावाच, पण खरा शोध त्या एका गाडीच्या पूर्वायुष्याचा घ्यावा लागतो. गाडी घरच्या माणसासाठी घ्यायची असेल तर त्यात आणखी एक अडचण येते: पैसे देणारा एक आणि चालवणारा दुसरा असतो. पुण्यात शिकणाऱ्या मुलीसाठी नाशिकचे वडील गाडी पाहतात, किंवा जर्मनीत नोकरी करणारा मुलगा सांगलीतल्या आईवडिलांसाठी दूरध्वनीवरून सौदा ठरवतो, आणि ज्याला रोज त्या गाडीत बसायचे आहे त्याचे मत अनेकदा सर्वांत शेवटी विचारले जाते.

अर्थशास्त्रात जुन्या मोटारींच्या बाजाराला एक वेगळेच मानाचे स्थान आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली ‘लेमन्स’च्या बाजाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, लिंबाला इंग्रजीत असलेला हा शब्द अमेरिकन बोलीत दिसायला ठीक पण आतून खराब निघालेल्या गाडीसाठी वापरतात. अकरलॉफ यांचा युक्तिवाद असा की गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सावधगिरीने मधली किंमत देऊ करतो. ती किंमत चांगली गाडी असलेल्या मालकाला परवडत नसल्याने तो बाजारातून अंग काढून घेतो, मागे खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, त्यामुळे घेणारा आणखी कमी किंमत देऊ लागतो, आणि हे चक्र पुढे चालूच राहते. दोन पक्षांपैकी एकालाच खरी स्थिती माहीत असण्याच्या या अवस्थेला माहितीची विषमता असे म्हणतात. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेला हा निबंध पुढे इतका प्रभावी ठरला की २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातील घरांमध्ये या सिद्धांताचा प्रत्यय निराळ्या रीतीने येतो: खरोखर चांगली ठेवलेली गाडी जाहिरातीपर्यंत क्वचितच पोहोचते, कारण ती काकांकडून पुतण्याकडे, डॉक्टरांकडून कंपाउंडरकडे किंवा बँकेतल्या साहेबांकडून त्याच शाखेतल्या कारकुनाकडे आधीच गेलेली असते. गाडी शोधणाऱ्याने म्हणूनच जाहिराती चाळण्याआधी ओळखीपाळखीत शब्द टाकून ठेवणे शहाणपणाचे असते, मात्र या घरगुती सौद्यांना स्वतःचा एक धोका असतो, ज्याचा विचार पुढे केला आहे.

गाडी कोणासाठी आहे हे ठरल्यावर इंधनाचा आणि गिअरचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. शहरात दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या माणसाने, केवळ एव्हरेज चांगले मिळते म्हणून, डिझेल गाडी घेणे हा हिशेबाचा घोटाळा होय, कारण डिझेल गाडीची देखभाल महाग असते आणि इंधनातील बचत ती भरून काढण्याइतकी होत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकानुसार बनलेल्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी एक गाळणी बसवलेली असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते, आणि जी गाडी फक्त भाजी आणणे व देवदर्शन एवढ्यासाठीच बाहेर पडते तिची गाळणी तुंबून खर्चाला आमंत्रण मिळते. मुंबई, पुणे अशा ठिकाणी सीएनजीवर चालणारी गाडी रोजच्या वापराला स्वस्त पडते हे खरे, पण किट कंपनीने बसवलेले आहे की बाहेरून, त्याची नोंद आरसीवर म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर आहे की नाही, आणि दर तीन वर्षांनी करावयाची टाकीची दाबचाचणी झाली आहे का, या तीन गोष्टी कागदावर पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी क्लचविना चालणारी गाडी सोयीची असते. यातील एएमटी हा प्रकार मुळात साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्रणा हलवते, त्यामुळे तो इतर स्वयंचलित प्रकारांच्या मानाने दुरुस्तीला सोपा पडतो, जरी गिअर बदलताना बसणारा हलकासा हिसका काहींना आवडत नाही. त्याहीपेक्षा महत्त्वाची, पण सहसा कोणी न मोजणारी गोष्ट म्हणजे बसण्याची उंची. ज्या गाडीत वाकून उतरावे लागते ती सत्तरीतल्या माणसाला कितीही आरामदायी असली तरी महिन्याभरात नकोशी होते, म्हणून वॅगन आरसारख्या उंच बांधणीच्या गाड्या ज्येष्ठांच्या घरांत लोकप्रिय झाल्या, यात नवल नाही. संबंधित व्यक्तीला एकदा प्रत्यक्ष त्या आसनावर बसवून, उतरवून, मागे गाडी घ्यायला लावून पाहिल्याखेरीज इसार देऊ नये.

गाडी कोणत्या वर्षी बनली या प्रश्नाकडे आपल्याकडे केवळ किमतीच्या दृष्टीने पाहिले जाते, परंतु घरच्या माणसाच्या संदर्भात त्याचा संबंध जिवाशी आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांच्या मूळ आवृत्त्यांना शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकून गाडी घसरू नये यासाठी असलेली एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पर्यंत सर्व गाड्यांत आली; चालकासमोरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले; आणि शेजारच्या आसनासमोरची दुसरी एअरबॅग आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीस बंधनकारक झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की २०२२ मध्ये किंवा नंतर बनलेल्या गाडीच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीतही दोन एअरबॅगा आणि एबीएस असतात, पण २०१७ ची गाडी पाहताना ती कोणती आवृत्ती आहे हे विचारणे भाग असते, कारण त्या काळात हीच साधने अनेकदा फक्त महागड्या आवृत्तीत मिळत. बनल्याचा महिना आणि वर्ष आरसीवर छापलेले असते; नोंदणीची तारीख त्याहून काही महिन्यांनी, कधी पुढच्या वर्षातही असू शकते, आणि विक्रेता स्वाभाविकच त्यांतील अलीकडची तारीख सांगतो.

एअरबॅग आहे असे म्हटल्याने ती आहेच असे मात्र होत नाही. अपघातात एकदा फुगलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही आणि नवी बसवणे महाग असते, म्हणून काही ठिकाणी तिच्या जागी नुसते झाकण लावून गाडी विकली जाते. याची परीक्षा सोपी आहे: इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ‘ऑन’च्या खुणेपर्यंत फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचे आणि एबीएसचे चिन्ह काही सेकंद उजळून विझले पाहिजे. ते विझलेच नाही तर यंत्रणेत दोष आहे हे उघड असते, पण ते मुळी उजळलेच नाही तर दोष लपवण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता असते, आणि ही दुसरी अवस्था पहिलीपेक्षा अधिक वाईट समजावी. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंग भोवतालच्या प्लास्टिकशी जुळतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

गाडीच्या पूर्वायुष्यातील सर्वांत सहज बदलता येणारा आकडा म्हणजे ती किती किलोमीटर चालली हा होय. पूर्वी यांत्रिक मीटरची चाके मागे फिरवली जात, आता संगणकाला जोडलेल्या उपकरणाने तेच काम काही मिनिटांत होते, आणि बोलीभाषेत त्याला आजही ‘मीटर मागे घेणे’ असेच म्हणतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीच्या वेळी मीटरवरचा आकडा नोंदवला जातो, म्हणून गाडीच्या क्रमांकावरून तेथील इतिहास मिळवणे हा पडताळणीचा सर्वांत भक्कम मार्ग आहे. २०२१ साली अठ्ठ्याहत्तर हजार नोंदवलेली गाडी आज बावन्न हजार दाखवत असेल तर पुढे काहीच विचारायचे राहत नाही. ही नोंद मिळत नसेल तर गाडीच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात. पस्तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे क्लचचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचे चामडे तुळतुळीत झालेले नसते आणि चालकाच्या आसनाची उजवी कड, म्हणजे उतरताना मांडी घासते तो भाग, दबलेली नसते. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ याचा अर्थ तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. २०१९ च्या, फक्त तीस हजार चाललेल्या म्हणून सांगितलेल्या गाडीला चारही टायर २०२३ चे असतील तर मूळचे टायर इतक्या लवकर का झिजले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पुरात बुडालेली गाडी हा महाराष्ट्रापुरता तरी काल्पनिक धोका नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने तेच पाहिले. अशा गाड्यांची दुरुस्ती किमतीच्या मानाने परवडत नसेल तर विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि गाडीचा सांगाडा भंगाराच्या भावाने विकला जातो, पण तो प्रत्येक वेळी भंगारातच जातो असे नाही. धुऊन, वाळवून आणि अत्तर फवारून त्यांतील काही गाड्या दूरच्या जिल्ह्यात पुन्हा रस्त्यावर येतात. पाण्याचा खरा उपद्रव इंजिनापेक्षा विजेच्या तारांना होतो, कारण तारांच्या जोडांवर हळूहळू गंज चढतो आणि सहा-आठ महिन्यांनी कधी काच वर जात नाही, कधी दिवे मालवतात, तर कधी गाडी चालता चालता बंद पडते, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकला नवीच जागा सापडते. धुणारा माणूस डोळ्यांना दिसते तेवढेच धुतो, म्हणून तपासणाऱ्याने न दिसणाऱ्या जागा पाहाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची आडवी रेघ दिसते. डिक्कीतला गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढली की खालच्या खळग्यात वाळलेल्या चिखलाची पापुद्र्यासारखी साय सापडते. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या असतात, हेडलाइटच्या काचेच्या आतल्या बाजूला ओल धरलेली असते, आणि काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवली की अत्तराच्या आडून ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागतो. यांतील एखादी खूण योगायोगाने असू शकते. दोन सापडल्या तर तो सौदा तिथेच सोडून द्यावा, किंमत कितीही कमी केली तरी.

ठोकलेल्या गाडीच्या बाबतीत इतके कडक होण्याची गरज नाही, कारण बंपर आणि दरवाजे यांवरचे ओरखडे आपल्या रस्त्यांवर अटळ आहेत. प्रश्न आहे तो सांगाड्याचा. बोनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जी पत्र्याची भिंत दिसते तिला बाजारात ॲप्रन म्हणतात, आणि छत तोलून धरणाऱ्या खांबांना पिलर. यांवर वेल्डिंगचे नवे टाके, पुटी किंवा भोवतालपेक्षा वेगळा रंग दिसला तर धडक मोठी होती असे समजावे, कारण पुढच्या धडकेचा आघात झेलून आतल्या माणसांना वाचवण्याचे काम याच भागांचे असते आणि ते काम दुरुस्त केलेला पत्रा मूळच्या पत्र्याइतके नीट करत नाही. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधीतरी उघडले गेले आहेत. सर्व काचांवर एकाच कंपनीचे नाव आणि बनावटीचे वर्ष जुळते का हे पाहायला एक मिनिट लागते. रंगाच्या थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र हल्ली बऱ्याच तपासनिसांकडे असते. कारखान्यातील रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि जिथे आकडा एकदम कित्येक पटींनी वाढतो तिथे आत पुटी आहे. समुद्राकाठच्या गाड्यांसाठी याला एक जोड द्यावी लागते: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा किंवा मुंबईच्या पासिंगची गाडी वरून कितीही नीट दिसली तरी खाऱ्या हवेमुळे खालून गंजलेली असू शकते, म्हणून ती लिफ्टवर चढवून सायलेन्सर आणि चाकांमागचा पत्रा पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. ‘पासिंग’ म्हणजे गाडी मुळात कोणत्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली ते; सोलापूरची एमएच १३ गाडी या बाबतीत मुंबईच्या एमएच ०२ पेक्षा बहुधा सरस ठरते, मग तिचे प्लास्टिक उन्हाने कितीही पांढरे पडलेले का असेना.

इंजिनाची परीक्षा थंड अवस्थेत करावी, आणि खरेदीदार येण्यापूर्वी विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर त्याचे कारण विचारावे, कारण सुरू होण्याची कुरकुर, आवाज आणि धूर हे दोष थंड इंजिनातच प्रकट होतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, डिझेल गाडीचा दाट काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी ज्वलनकक्षात शिरते आहे. हिवाळ्याच्या सकाळी पहिल्या काही मिनिटांत दिसणारी वाफ मात्र निरुपद्रवी असते. गाडी स्वतः चालवून पाहताना संगीत आणि वातानुकूलन सुरुवातीला बंद ठेवावे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल धरून ती एका बाजूला ओढते का ते पाहावे, आणि चढावर क्लच सटकतो का, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही असे होते का, याकडे लक्ष द्यावे. हे सर्व सामान्य माणसाला जमते, तरीही अंतिम निर्णयापूर्वी विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक सोबत न्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचे रीतसर पैसे द्यावेत. फुकट तपासून देणाऱ्याला ‘घेऊन टाका’ म्हणणे नेहमीच सोपे जाते.

किमतीविषयी थोडक्यात सांगता येते. विम्यासाठी गाडीची जी किंमत धरतात, जिला आयडीव्ही म्हणतात, ती ठरवण्याच्या रूढ कोष्टकानुसार तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरली जाते. बाजारभाव याहून वेगळा असू शकतो, पण नातेवाइकांत सौदा करताना दोन्ही बाजूंना भीड पडत असेल तर हा त्रयस्थ आकडा बोलणीला सुरुवात करून देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या नव्या किमतीवरून काढणारा विक्रेता जास्त मागतो आहे हे ध्यानात घ्यावे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीवर त्याच्या नफ्याच्या फरकापुरताच १८ टक्के कर लागतो, पूर्ण किमतीवर नव्हे. आणि व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो लागतच नाही. परराज्यातून आलेल्या आश्चर्यकारक स्वस्त डिझेल गाडीमागचे कारण बहुधा तिच्या पासिंगमध्येच असते, कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरल्यावर तेथील गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. अशा गाडीला मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, महाराष्ट्रातील फेरनोंदणी आणि येथील कर हा खर्च धरला की तिचा स्वस्तपणा बराच ओसरतो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे आणि राज्याचा पर्यावरण कर त्यावर वेगळा, हे तेरा-चौदा वर्षांची गाडी पाहणाऱ्याने विसरू नये.

कागदपत्रांत सर्वप्रथम आरसीवरील चॅसी क्रमांक गाडीवर कोरलेल्या सतरा अक्षरांशी अक्षरशः ताडून पाहावा. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा चढलेला असतो. कर्ज फिटले एवढे पुरत नाही, तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. थकलेली ई-चलने अधिकृत संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहता येतात. विक्रीची सूचना विक्रेता फॉर्म २९ वर देतो आणि हस्तांतरणाचा अर्ज फॉर्म ३० वर होतो. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी हातोहात फिरवण्याची जी पद्धत बाजारात रूढ होती तिला आळा घालण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घेणे आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद करणे बंधनकारक झाले आहे, म्हणून व्यापाऱ्याकडे हे पत्र मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

संकोच खरा होतो तो नात्यात. ज्या मामांच्या गाडीचा प्रत्येक किलोमीटर घराला ठाऊक आहे, ती गाडी माहितीच्या दृष्टीने बाजारातील कोणत्याही गाडीपेक्षा श्रेष्ठ असते, पण नेमक्या त्याच गाडीचे नाव बदलायचे राहून जाते, कारण ‘घरातलीच तर आहे’ असे म्हणून किल्ली दिली-घेतली जाते आणि कागद मामांच्या कपाटात पडून राहतो. याचा परिणाम देणाऱ्याला भोगावा लागू शकतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनेक हात बदललेल्या परंतु नोंदणी न बदललेल्या एका गाडीच्या अपघातात, ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याने मालक ठरतो आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय दिला. घेणाऱ्याचीही सुटका नसते: कायद्यातील कलम १५७ प्रमाणे नवा मालक आला तरी तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा चालू राहतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप नव्या नावावर येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून मालकाची असल्याने मामांची सूट भाच्याला मिळत नाही. मूळ मालकाचे निधन झाले असेल तर वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर अर्ज करायचा असतो, आणि वडिलांच्या पश्चात आईने वापरावयाच्या गाडीबाबत हे काम दिवसकार्याच्या धांदलीत हमखास मागे पडते. नाव प्रत्यक्ष चढले की नाही हे कार्यालयात हेलपाटा न घालता एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहता येते. तिथे मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते, पण ते मामांचे आहे की भाचीचे, हे ओळखायला उघडी ठेवलेली अक्षरे पुरेशी असतात.